जो आवाज आमच्यावर, तोच पोरांवर : शिक्षण खात्यातल्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर शाळा भरतील. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरानं. दारात रांगोळ्या निघतील, पहिलीत आलेल्या पोरांच्या कुंकवातल्या पावलांचे ठसे कागदावर घेतले जातील, हातात फुगा आणि पुस्तकांचा संच पडेल. शाळा प्रवेशोत्सवाचा हा दिवस मला नोकरीभर आवडत आला, कारण त्या दिवशी शाळेत कुणी कुणावर ओरडत नाही. साहेब येतात तेही हसून बोलतात. हे पत्र मी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या एप्रिलपर्यंतच्या दिवसांसाठी लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं शिकवलं. बहुतेक शाळा दोनशिक्षकी. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे लिहिताना खुलाशाच्या नोटिसीची भीती नाही. नोकरीत असताना लिहायला हवं होतं, ते धाडस झालं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १७ तुम्हाला पाठ असेल : कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही, दिला तर सेवानियमांप्रमाणे कारवाई. यातला पहिला अर्धा भाग शाळांनी बऱ्यापैकी मनावर घेतला. माझ्या पहिल्या शाळेत टेबलाच्या खणात निरगुडीच्या दोन फोका कायम असायच्या, शेवटच्या शाळेत त्या नव्हत्या. हा मोठा बदल आहे आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला. पण दुसरा अर्धा भाग, मानसिक त्रास, हा आमच्या लेखी गुन्हाच नाही. फोक गेली, जीभ राहिली. ‘दगड आहेस नुसता.’ ‘आईबापानं कशाला पाठवलंय तुला?’ आणि आमच्या भागातलं सगळ्यात वाईट वाक्य, ‘जा, कोयता घे हातात.’

बाहेरच्यांना या वाक्याची धार कळायची नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची ती कोयत्यावर. ज्या पोराचे आईबाप या घडीला कुठल्यातरी कारखान्याच्या फडात थंडीत मोळ्या बांधताहेत, त्याला वर्गात सगळ्यांदेखत ‘कोयता घे’ म्हणायचं! एका वाक्यात त्याचे आईबाप, त्यांचे कष्ट आणि त्याचा पुढचा जन्म, सगळ्याची किंमत ठरवून टाकायची. मी हे वाक्य ऐकलं आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एकदोनदा उच्चारलंही आहे.

असं बोलणारे शिक्षक दुष्ट असतात असं मला वाटत नाही. मी दुष्ट नव्हते. मग हा आवाज येतो कुठून, याचं उत्तर मला एका तपासणीनंतर मिळालं. तेच सांगण्यासाठी तुम्हाला पत्र लिहिते आहे, शिक्षकांना नाही.

वार्षिक तपासणी होती. चौथीच्या वर्गात साहेब आले, एका मुलाला फळ्याजवळ बोलावलं आणि गणित घातलं, ८०४ भागिले ४. मुलानं घाबरत घाबरत उत्तर लिहिलं, २१. प्राथमिकला शिकवलेल्या कुणालाही ठाऊक आहे की ही चूक हमखास होते. दशकाच्या जागी भाग जात नाही तेव्हा तिथं शून्य मांडायचं राहून जातं. काड्यांचे गठ्ठे घेऊन खाली बसलं की पाच मिनिटांत पोराच्या ध्यानात येतं. साहेबांनी फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, ‘शून्य कुठं गेलं? बाईंनी खाल्लं का?’ वर्ग हसला. पोरांचा दोष नाही, साहेब हसले म्हणून पोरं हसली. मग शेऱ्याच्या वहीत दोन ओळी लिहून ते पुढच्या शाळेला गेले.

ते गेल्यावर मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता. मागून एक मुलगी आली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन, आणि काही न बोलता तांब्या धरून उभी राहिली. दहा वर्षांच्या पोरीला कळलं होतं की बाईंना आता पाणी लागेल. मी पाणी प्यायले. पण ज्यानं २१ लिहिलं होतं त्या मुलाशी मी दोन दिवस बोलले नाही. हात लावला नाही, ओरडलेही नाही. फक्त त्याच्या वहीकडं पाहिलं नाही. तो दोन दिवस वही उघडी करून माझ्या टेबलाच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि परत जायचा.

पुढं पंधरावीस दिवसांनी मी ऑफिसमध्ये माहिती भरत बसले होते. दोनशिक्षकी शाळेत असं झालं की चौथीची मॉनिटर पहिली-दुसरी सांभाळते. व्हरांड्यातून परत येताना आतून माझाच आवाज ऐकू आला. तोच चढ, तोच उतार. मॉनिटर कमरेवर हात ठेवून दुसरीतल्या एका पोराला विचारत होती, ‘शून्य कुठं गेलं? खाल्लं का?’ ही तीच मुलगी, जिनं मला पाणी आणून दिलं होतं. मी दारातच थांबले. साहेबांचं वाक्य, मधल्या दिवसांत माझ्या तोंडून चारपाच वेळा निघालेलं, आता सगळ्यात लहान पोरापर्यंत पोचलं होतं. त्याच्याखाली कुणी नव्हतं. तो गप्प बसून पाटी पुसत होता.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण पोरांच्या अभ्यासाबद्दल म्हणतो. ते आपल्या बोलण्यालाही लागू आहे. शिक्षकानं मुलांशी मायेनं बोलावं असं वाटत असेल, तर शिक्षकाशी कोण कसं बोलतं ते आधी पाहायला हवं. आणि साहेब, आमच्याशी तुम्ही बोलता. तुमच्याशीही वरचे कसे बोलतात याची मला कल्पना आहे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीतून परत आलेल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचा चेहरा मी पाहिला आहे. साखळी कुठंतरी तोडायला हवी, आणि मी ज्यांना ओळखते त्यांनाच तोडा म्हणणार.

आज शाळेत जी माणसं उभी आहेत त्यांच्याकडं जरा पाहा. नवीन मुलगा शिक्षणसेवक म्हणून येतो. तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला २०२३ पासून महिना १६ हजार, त्याआधी तर सहा हजार होतं. घरापासून दूर, खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, आणि वर्गात तीन इयत्ता एकत्र. जुन्या शिक्षकांच्या डोक्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, टांगती तलवार आली : नोकरीची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत पास व्हा. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री मुलांच्या वह्या बाजूला सारून स्वतःच्या गाइडा वाचताहेत. शिवाय मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहिती, आधारची जुळवाजुळव. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं सांगितली आहेत. बाकीची कामं मोबाइलमधून आत शिरली, त्यांना कलम अडवत नाही.

आणि मग सकाळी साडेदहाला, वर्ग चालू असताना, ग्रुपवर यादी येते : ‘खालील शाळांनी अद्याप माहिती भरलेली नाही. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा सादर करावा.’ तालुक्यातले सगळे शिक्षक ती यादी वाचतात. ज्याचं नाव यादीत आहे तो शिक्षक त्यानंतरच्या तासाला पोरांशी कसा बोलत असेल, ते वर्गाबाहेर उभं राहून ऐका. त्या जागी एक फोन करून ‘गुरुजी, काय अडचण आहे? रेंज नाही का?’ असं विचारलं तर माहिती तेवढीच लवकर भरली जाते. माझ्या नोकरीत एका विस्तार अधिकारी बाई तसं करायच्या. त्या शाळेत आल्या की सतरंजीवर पोरांमध्ये बसायच्या, कुणाला काही आलं नाही तर पोराला नाही, प्रश्नाला बदलायच्या. माझ्या चुका त्यांनी कमी दाखवल्या नाहीत, पण लिंबाखाली, दोघीच असताना. त्या तालुक्यात होत्या त्या तीन वर्षांत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग काय परिपत्रक काढायचं? नका काढू, हात जोडून सांगते. ‘स्नेहभाव सप्ताह’ नको. त्याचे रोजचे पाच फोटो, लिंक भरा, उपस्थितीची संख्या टाका, असं झालं की उरलीसुरली माया पण फोटोत जाईल. खेळ-कृतींचा ‘आनंददायी शनिवार’ चांगल्या मनानं सुरू झाला होता. ज्या शाळेत शिक्षकाला मोकळीक आहे तिथं तो खरंच आनंदाचा असतो. जिथं अहवालाची घाई आहे तिथं पोरं फोटोपुरती हसतात. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री समिती’ही कागदावर सगळीकडं आहे. तक्रारपेटी आहे. पण पेटी कुठं लावली आहे ते भेटीला गेलात की नक्की पाहा. बऱ्याच ठिकाणी ती ऑफिसच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर असते, आणि किल्ली ऑफिसच्या खणात. चिठ्ठी टाकणारं पोर अख्ख्या शाळेला दिसतं. ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडं जाणाऱ्या भिंतीवर हलवायला कुठला निधी लागत नाही.

मला जे मागायचं आहे ते असंच छोटं आहे. त्यातलं एक मात्र मनाला फार लागलेलं आहे, ते सविस्तर सांगते.

आपल्या खात्याच्या योजना गरिबाच्या पोरांसाठी आहेत, पण त्या वर्गात पोचवताना आपण काय करतो? ‘एससी, व्हीजेएनटीच्या मुलींनी उभं राहा, फॉर्म भरायचेत.’ ‘दाखला कुणाकुणाचा राहिला?’ मी वर्षानुवर्षं हे असंच भर वर्गात विचारलं. त्यात काही वावगं आहे असं डोक्यातही आलं नाही, शासनाचं काम करतेय हीच भावना. पाचवी ते सातवीतल्या अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त अशा गटांतल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते. एका वर्षी पाचवीतली एक मुलगी उठलीच नाही. मी नाव घेऊन म्हटलं, ‘अगं, तू बसू नको, तुझं नाव आहे यादीत.’ ती मान खाली घालून बसूनच राहिली. म्हणाली, ‘बाई, मला नको.’ रक्कम मोठी नव्हती, पण तेवढ्यात तिच्या वर्षाच्या वह्या झाल्या असत्या, आणि तिच्या घरी वह्यांचीच तर अडचण होती. मला वाटलं, काय हट्टी पोर आहे. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत पाहिलं : त्या दिवशी ज्या चौघी उभ्या राहिल्या होत्या, त्या खिचडीच्या पंगतीत एका टोकाला बसल्या होत्या. त्यांना कुणी तिथं बसा म्हटलं नव्हतं. आदल्या आठवड्यापर्यंत त्या सगळ्यांत मिसळून बसत होत्या. वर्गात कोण कोण आहे हे मी पोरांना उभं करून दाखवलं होतं.

सावित्रीबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती, आणि मी ती अशी वाटत होते.

दुसऱ्या वर्षीपासून मी एकेकीला वही तपासायला टेबलाजवळ बोलवायची आणि वहीतच फॉर्म ठेवून द्यायची. ‘आईला दे.’ बस. दहा मिनिटांचं काम दोन दिवस लागायचं. पूर्वी गणवेशाचंही असंच होतं. सगळ्या मुलींना मिळायचा, पण मुलांमध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. त्यामुळे नवा गणवेश अंगावर चढला की कोण कोण आहे ते कपड्यावरूनच कळायचं. २०२३-२४ पासून तो सगळ्यांना देण्याचा निर्णय झाला. गणवेशाच्या शिलाईची, मापाची रड वेगळी, पण एका वर्गातली पोरं कपड्यावरून वेगळी दिसायची थांबली. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी किती पोरांची मान वर केली हे त्यांना ठाऊकही नसेल. मंत्रालयातून जर हे होऊ शकतं तर फॉर्म चारचौघांत न वाटणं तुमच्या एका शब्दावर होऊ शकतं. खासगी शाळांच्या मुख्याध्यापकांनाही हेच. फी थकलेल्यांची नावं वर्गात वाचणं, त्यांना परीक्षेच्या दिवशी बाहेर उभं करणं बंद करा. फी भरणारे आईबाप आहेत, त्यांना फोन करा. पोराच्या खिशात पैसे नसतात.

७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, कारण १९०० साली त्या दिवशी डॉ. आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं. दरवर्षी भाषणं होतात. मी त्या दिवशी मुलांना दोनच गोष्टी सांगायचे. तिथं त्यांना वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे आणि तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती, शिपायानं पाणी दिलं तरच मिळायचं. आणि त्याच शाळेत एक शिक्षक मधल्या सुट्टीत स्वतःच्या फडक्यातली भाजी-भाकरी या मुलाला द्यायचे. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी आयुष्यभर लक्षात ठेवल्या आणि पुढं स्वतः सांगितल्या. त्या शिक्षकांनी शाळेचा नियम मोडला नव्हता की समाज बदलला नव्हता. शिपाई जवळ नसला की पाणी मिळायचं नाही, आणि ते मास्तर मात्र स्वतःहून भाकरी द्यायचे. माझ्या पोरांना हे भाषणाशिवाय कळायचं.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या आगेमागे ती जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. काहींची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं होते, बाकीची फडावर. परत आलेल्या पोराला दारात ‘या पाहुणे, परीक्षेपुरते आलात का’ असं म्हणणारे शिक्षक आहेत, आणि ते ऐकून वर्ग वर्षभर त्याला पाहुणा म्हणतो. शेवटच्या सात-आठ वर्षांत आम्ही एक केलं. हजेरी घेताना गेलेल्या पोराचं नाव गाळायचं नाही. नाव पुकारलं की वर्गानं उत्तर द्यायचं, ‘सांगलीला गेलाय, येणार आहे.’ ‘कोल्हापूरला गेलीय, येणार आहे.’ रजिस्टरमध्ये गैरहजेरीच पडायची, तो नियम आहे. पण चार महिने रोज पंचवीस पोरं ‘येणार आहे’ म्हणत राहिली की ते पोर दारात दिसल्यावर काय होतं, ते मी शब्दांत नाही सांगू शकत. एकदा एक मुलगा मार्चमध्ये दुपारी आला, पायाला उसाच्या पाचटाचे चरे, आणि दारात थबकला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘आला!’ खिडकीजवळच्या त्याच्या जागेवरून दप्तर उचलून एकानं जागा मोकळी केली. तो मुलगा त्या वर्षी भागाकारात कच्चाच राहिला. पण जूनमध्ये पहिल्या दिवशी आला, आणि पुढच्या दिवाळीला ‘मला आजीकडं राहू दे’ असा त्यानं आईपाशी हट्ट धरला.

म्हणून जुलैतल्या पहिल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक तास मोकळा ठेवा. पडद्यावर काही दाखवू नका. प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या एका पोराबद्दल बोलू द्या, ज्याच्याशी त्याचं जमत नाही अशा पोराबद्दल. तुम्ही फक्त ऐका. त्या तासाचा अहवाल मागू नका. आणि वर्गात पाऊल टाकाल तेव्हा पहिलं वाक्य शिक्षकाला पोरांसमोर मान देणारं असू द्या. ‘बाई, येऊ का आत?’ एवढं जरी विचारलंत तरी पोरं ते महिनाभर विसरत नाहीत.

शेवटी, हे पत्र आत्ताच का लिहिलं ते सांगते. गेल्या महिन्यात आठवडी बाजारात एक बाई माझ्या पाया पडली. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितल्यावर आठवली, पाचवीत जी उभी राहिली नव्हती ती. कडेवर नव्हे, बोटाला धरलेली तिची मुलगी आहे, या जूनमध्ये पहिलीला बसतेय. इकडचं तिकडचं बोलून झालं. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत तिनं विचारलं, ‘बाई, अजून उभं करतात का हो वर्गात?’

मी म्हटलं, विचारून सांगते.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त शिक्षिका
बीड जिल्हा